क्रोमवर काळा रंग धरतो कसा?

मोटारीच्या तोंडावर चमकणाऱ्या ज्या ग्रिलला आपण क्रोमची ग्रिल म्हणतो, तिच्यात क्रोमिअम जवळजवळ नसतंच. आजच्या बहुतेक गाड्यांची ग्रिल मुळात प्लॅस्टिकची असते. त्या प्लॅस्टिकवर तांब्याचा थर, तांब्यावर निकेलचा आणि सर्वांत वर शेवटचा हात क्रोमिअमचा. हा शेवटचा थर साधारण ०.३ मायक्रॉन जाड असतो. एका मिलिमीटरचे तीन हजार काप केले, तर त्यांतला एक. ऊन, पाऊस, चिखल आणि रस्त्यावरून उडणारी खडी सोसत वर्षानुवर्षं गाडीचं तोंड उजळ ठेवण्याचं काम हा एवढासा थर करतो.

आणि आता लोकांना तीच चमक नकोशी झाली आहे. टाटांनी २०१९ मध्ये हॅरिअरची ‘डार्क’ आवृत्ती आणली, इतर कंपन्यांनीही काळ्या ग्रिलच्या गाड्या काढल्या, आणि मागणी तालुक्याच्या गावातल्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानापर्यंत येऊन पोचली: ‘भाऊ, क्रोम नको, ग्रिल काळी करून द्या.’ ऐकायला काम सोपं वाटतं. काळा रंग आणायचा, कंप्रेसर लावायचा, मारून द्यायचा. पण त्या चमकत्या पट्टीच्या आत काय काय दडलं आहे ते समजलं की हेच काम थक्क करून सोडतं.

हे सगळं तुमसरात बसून समजून घ्यायला मला विशेष आवडतं, कारण काळेपणा या तालुक्याच्या जमिनीतच आहे. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या ‘मॉइल’ कंपनीच्या खाणींतून मँगनीजचं खनिज निघतं, त्यातलं डोंगरी बुजुर्गचं डायऑक्साइड जातीचं खनिज कोरड्या बॅटरीच्या सेलमध्ये जातं. हातात घेतलं तर बोटं काळी करणारा हा दगड. मूलद्रव्यांच्या तक्त्यात मँगनीजचा क्रमांक २५ आणि क्रोमिअमचा २४, म्हणजे दोघं सख्खे शेजारी. क्रोमिअमचं खनिज असलेलं क्रोमाइटही याच भंडारा जिल्ह्यात, पवनीकडे सापडतं. देशातला क्रोमाइटचा मोठा साठा मात्र ओडिशात, जाजपूर जिल्ह्यातल्या सुकिंदा खोऱ्यात आहे. धातूला झळाळी देण्याचं काम म्हणाल तर भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी कधीपासून नावाजलेलं.

आता त्या ग्रिलच्या आत शिरू. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, आणि वीज जात नाही तिथे नेहमीचा मुलामा चढत नाही. मग प्लॅस्टिकवर धातू बसवला कसा? इथे पहिली करामत आहे. ग्रिलसाठी एबीएस नावाचं प्लॅस्टिक वापरतात. त्याच्या घट्ट अंगात रबरासारख्या ब्युटाडाइनचे अतिसूक्ष्म गोळे विखुरलेले असतात. ते मूळचे घातले जातात प्लॅस्टिक तडकू नये म्हणून. पण मुलामा देणाऱ्यांनी त्यांचा वेगळाच उपयोग शोधला. क्रोमिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात ग्रिल बुडवली की आम्ल पृष्ठभागाजवळचे हे गोळे खाऊन टाकतं आणि त्यांच्या जागी डोळ्यांना न दिसणारे लाखो खळगे उरतात. चिखलणी केलेल्या बांधीत रोवलेलं भाताचं रोप मुळांनी माती धरतं, तसा पुढे येणारा धातू या खळग्यांत उतरून प्लॅस्टिकला धरून बसतो. खळग्यांमध्ये आधी पॅलेडिअमचे कण पेरतात. तेही नॅनोमीटरच्या मापाचे, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या कणांच्या आधाराने, विजेशिवाय, नुसत्या रासायनिक क्रियेने निकेलचं एक पातळ कातडं चढतं. आता प्लॅस्टिकमधून नाही, तरी प्लॅस्टिकवरून वीज वाहू शकते. तिथून पुढे नेहमीचा मुलामा.

पहिला जाड थर तांब्याचा का? याचं उत्तर तुमसरच्या उन्हाळ्यात आहे. जानेवारीच्या पहाटे ग्रिल १० अंशांवर असते आणि मेच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीची ग्रिल सहज ६० अंशांना जाते असं धरा. साठ सेंटिमीटर लांबीची एबीएसची पट्टी एवढ्या फरकाने दोन-अडीच मिलिमीटर वाढू पाहते. तेवढ्याच लांबीचं क्रोमिअम मात्र पाव मिलिमीटरही वाढत नाही. दोघांना थेट एकमेकांना चिकटवलं असतं, तर पहिल्याच उन्हाळ्यात पापुद्रे निघाले असते. तांबं मऊ, लवचिक. खालच्या प्लॅस्टिकची ओढाताण ते स्वतःच्या अंगावर घेतं आणि वरच्या ताठ थरांपर्यंत पोचू देत नाही. ग्रिलचं तांबं कधी कुणाला दिसत नाही, त्याचं कौतुकही कुणी करत नाही. पण तेच नसतं, तर विदर्भात क्रोमची ग्रिल टिकलीच नसती.

तांब्यावर निकेल. आपण जी चमक बघतो ती बहुतांशी याची. क्रोमिअमच्या पन्नासएक पट जाड असलेला निकेलचा थर आरशासारखा गुळगुळीत असतो. क्रोमिअम त्यावर फक्त निळसर छटा आणि कणखरपणा चढवतं. १९२० च्या दशकापर्यंत मोटारींच्या चकचकीत भागांवर नुसतं निकेल असे, आणि ते हवेने पिवळट, मंद पडे. मालकाला सारखं घासत बसावं लागे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या कॉलिन फिंक यांच्या कामानंतर क्रोमिअमचा मुलामा कारखान्यांत भरवशाने देता येऊ लागला आणि पाहता पाहता मोटारींची तोंडं बदलली. हा धातू त्याच्याही सव्वाशे वर्षं आधी, १७९७ मध्ये, फ्रान्सच्या लुई निकोला व्होक्लँ यांनी सैबेरियातून आलेल्या लाल खनिजात ओळखला होता. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा रंगही क्रोमिअमच्याच अंशामुळे येतो. माणूस ज्याला रूपेरी चमकीसाठी वापरतो, तो निसर्गात रंगारी आहे.

निकेलची गोष्ट इथे संपत नाही. एकेकाळी कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमिअर पद्मिनीचे किंवा अँबेसिडरचे जुने बंपर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्यावरचे तांबूस ठिपके आठवतील. क्रोमिअममध्ये कुठेतरी एखादं सूक्ष्म छिद्र राहतं, त्यातून ओल शिरते आणि सगळा गंज त्या एकाच जागी खोल खोल उतरतो. यावर इंजिनिअरांनी जो उपाय काढला तो ऐकून मी अवाक झालो. त्यांनी छिद्रं बुजवली नाहीत, वाढवली. क्रोमिअमच्या थराखालच्या निकेलमध्ये मुद्दाम अतिसूक्ष्म, वीज न वाहणारे कण मिसळतात. त्या कणांवर क्रोमिअम बसत नाही, म्हणून क्रोमिअमला एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा हजारांहून जास्त छिद्रं पडतात. गंजाचा जोर मग एका जागी न साचता या सगळ्या छिद्रांत वाटला जातो आणि कुठेच खोल जात नाही. शिवाय निकेलचे दोन थर देतात. वरच्यात थोडं गंधक, खालच्यात नाही. गंधकवाला थर आधी झिजतो, आणि तोही आडवा. खालचा शाबूत राहतो. चकाकणाऱ्या पट्टीवर आपण बोट फिरवतो, तेव्हा त्या एका बोटाखाली अशी हजारो छिद्रं असतात.

अशा बंदोबस्तात बसलेल्या पृष्ठभागावर पेंटरला काळा रंग धरवायचा आहे.

अडचण अशी की क्रोमिअम हवा लागताच स्वतःवर ऑक्साइडचं एक अदृश्य कवच चढवतं, दोन-तीन नॅनोमीटर जाडीचं. खरवडलं की क्षणात नवं तयार. या कवचाला हवेतल्या ऑक्सिजनशी, पाण्याशी काही देणंघेणं नसतं आणि रंगाशीही नसतं. त्यात पृष्ठभाग आरशासारखा सपाट, रंगाने पकडावं असं काही नाही. थेट मारलेला काळा रंग पहिल्या दिवशी झकास दिसतो. मग एखादा खडा लागतो, कडेला नखाएवढी पपडी सुटते, आणि पुढच्या वेळी गाडी धुताना प्रेशरच्या पाण्याने हातभर साल निघून येते.

म्हणून या कामाचा जीव रंगात नाही, घासण्यात आहे. चांगला पेंटर आधी ग्रिल गाडीवरून काढून घेतो. जागेवर मास्किंग टेप लावून केलेलं काम कडांना नेहमी उघडं पडतं. मग साबणाच्या पाण्याने धुणं, आणि मेण-पॉलिशचा अंश काढणाऱ्या द्रवाने पुसणं. हे पुसणं फार महत्त्वाचं. गाडी चमकवायच्या कित्येक पॉलिशांमध्ये सिलिकोन असतं, आणि त्याचा बोटाएवढा डाग राहिला तरी ओला रंग तिथून मागे सरकतो आणि गोल खड्डा पडतो. त्यानंतर पॉलिश पेपर, पाणी लावून. ४०० नंबरने सुरुवात, ६०० किंवा ८०० ने शेवट. पट्ट्यांच्या आतल्या कोपऱ्यांत कागद पोचत नाही. तिथे करडं स्कॉच ब्राइट बोटाला गुंडाळून घासावं लागतं. तासच्या तास यातच जातात. पारख साधी आहे: ग्रिल उन्हात तिरकी धरायची. जिथे अजून चमक दिसते, तिथूनच उद्या रंग सुटणार. सगळी ग्रिल दुधाळ करडी दिसली, की समजावं, जमलं. घासताना तांबूस छटा दिसू लागली तर हात आवरायचा, कारण निकेल संपून तांबं उघडं पडलंय.

घासल्याने कवच गेलेलं नसतंच, ते क्षणात परत येतं. बदललं ते एवढंच की सपाट आरशावर आता असंख्य ओरखडे आहेत, आणि प्रायमर त्यांत उतरून घट्ट होणार आहे. मुळात प्लॅस्टिकवर धातू धरवताना आम्लाने जे केलं, तेच इथे कागदाने केलं. या प्रायमरमध्ये दोन भाग असतात, इपॉक्सी आणि हार्डनर. मिसळले की त्यांचे रेणू एकमेकांत गुंफून जाळं तयार होतं आणि ते पुन्हा थिनरने विरघळत नाही. त्यावर काळ्याचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर थिनर उडून जाण्यापुरती उसंत, आणि शेवटी क्लिअर. घाई करून एकच जाड हात मारला तर वरचा पापुद्रा वाळतो, आत थिनर कोंडून राहतो आणि नंतर फोड येतात.

आता काळेपणाबद्दल. क्रोमिअम आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ६५ टक्के परत पाठवतं. चकचकीत काळा रंग किती परत पाठवत असेल? वरच्या पारदर्शक क्लिअरच्या पृष्ठभागावरून, समोरून पाहिलं तर, जवळपास ४ टक्के. बाकीचा उजेड क्लिअरमधून आत जातो आणि काजळीच्या कणांत कायमचा जिरतो. गाडीच्या काळ्या रंगात सहसा काजळीच असते, तेल अर्धवट जाळून कारखान्यात बनवलेली. म्हणजे ग्रिल काळी केली की आरसा जात नाही. ६५ टक्क्यांच्या आरशाच्या जागी ४ टक्क्यांचा आरसा येतो. तिन्हीसांजेला दिवे लागल्यावर काळ्या ग्लॉस ग्रिलमध्ये समोरच्या दुकानाची पाटी स्वच्छ दिसते, ती याच ४ टक्क्यांतून. मॅट काळ्यातही पृष्ठभाग तेवढाच उजेड परत पाठवतो, फक्त एका दिशेने न पाठवता चहूकडे उधळतो. ही उधळण करायला मॅट क्लिअरमध्ये सिलिकाची अतिबारीक पूड मिसळलेली असते; तिच्यामुळे वाळलेला पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो. तुमसरकरांनी इथे जरा थांबावं. राइस मिलच्या भट्टीत तांदळाचा तूस जळून जी राख उरते, तिच्यात ८५ टक्क्यांच्या वर सिलिकाच असते. या राखेतून शुद्ध सिलिका काढून गुडइअर कंपनी टायरच्या रबरात घालते. ज्या राखेच्या ढिगांकडे आपण कटकट म्हणून बघतो, ती जगातल्या बाजारात गाडीचाच कच्चा माल आहे.

ज्यांना पूर्ण काळी नको, पण चमक थोडी दबलेली हवी, त्यांच्यासाठी ‘स्मोक’चा पर्याय आहे आणि मला तो सगळ्यांत देखणा वाटतो. क्रोम तसंच ठेवून त्यावर काळसर पारदर्शक क्लिअर मारतात. गंमत गणिताची आहे. क्लिअर ७० टक्के उजेड जाऊ देणारं असलं, तरी उजेडाला ते दोनदा ओलांडावं लागतं, एकदा आत जाताना, एकदा क्रोमवरून परतताना. सत्तराचे सत्तर टक्के म्हणजे ४९. म्हणून अर्धपारदर्शक वाटणारा एकच हात चमक निम्म्यावर आणतो, आणि दोन हातांत पाव उरते. पेंटरने जेमतेम हात फिरवावा आणि ग्रिल एकदम काळवंडावी, असं का होतं याचं उत्तर या दुहेरी प्रवासात आहे. हेही खरं की स्मोकसाठी क्रोम जास्त घासता येत नाही, ओरखडे दिसतात; त्यामुळे टिकाऊपणात ते पक्क्या काळ्याच्या मागेच राहणार.

कारखान्यातही क्रोम काळं करता येतं, रंगाशिवाय. मुलाम्याच्या टाकीतलं द्रावण आणि वीज वेगळ्या पद्धतीने जुळवली, तर क्रोमिअम आणि त्याच्या ऑक्साइडचे कण मिसळलेला थर बसतो आणि तो गडद काळा दिसतो. हेच काळं क्रोम गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरच्या तांब्याच्या पत्र्यावरही वापरतात. ते सूर्याचा उजेड जवळजवळ सगळा पिऊन घेतं आणि तापल्यावर स्वतःची उष्णता मात्र फार कमी बाहेर सोडतं. एकच धातू एका रूपात उजेड परतवतो, दुसऱ्या रूपात साठवतो.

मँगनीजचं काय, असं कुणी विचारेल. ते रंगात नाही, रंगाखाली आहे. गाडीची पोलादी बॉडी कारखान्यात रंगायच्या आधी फॉस्फेटच्या द्रावणात बुडवतात, आणि त्या द्रावणात जस्त आणि निकेलसोबत मँगनीज असतं. त्यातून पोलादावर बारीक स्फटिकांचा करडा थर उगवतो आणि रंग त्याला धरून बसतो. तुमसरच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या गाड्यांच्या रंगाखाली मँगनीज आहे, आणि खाणींतून खनिज घेऊन जाणाऱ्या ट्रकांतही.

ग्रिल काळी करून घ्यायचीच असेल तर ऋतू बघून घ्या. पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, हवा ओलीने जड असते. फवाऱ्यातलं थिनर उडताना पृष्ठभाग थंड करतं, त्यावर हवेतली वाफ जमते आणि काळ्यावर पांढरट झाक येते. मेमध्ये उलटं होतं. रंगाचा थेंब ग्रिलपर्यंत पोचेपर्यंत हवेतच अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत राहतो. मळणीच्या हंगामात हवेत भुसा असतो. माझ्या मते या भागात डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नव्या गाडीत आणखी एक गोष्ट तपासायची. पुढच्या गाडीचं अंतर मोजून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असेल, तर रडार बहुधा ग्रिलमधल्या चिन्हामागे किंवा जवळपास असतं. अशा चिन्हावर साधं क्रोम चालत नाही, धातूचा सलग थर रडारच्या लहरी अडवतो. म्हणून तिथे इंडिअम धातूचे एकमेकांना न चिकटलेले सूक्ष्म ठिपके बसवतात, जे डोळ्याला चांदीसारखे दिसतात आणि रडारला दिसत नाहीत. त्या चिन्हाला हात लावू नका, त्यावर धातूची पूड असलेला रंग तर मुळीच नको.

आणि दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. क्रोम घालवायला आम्ल वापरू नका. घासण्याऐवजी आम्लात बुडवण्याची सोपी वाट काही जण सुचवतात. त्या आम्लात क्रोमिअम आणि निकेल विरघळतं आणि ते पाणी नाल्यातून शेवटी वैनगंगेत जातं. मुलाम्याच्या टाक्यांतलं सहा संयुजेचं क्रोमिअम कर्करोगकारक आहे, म्हणून युरोपीय संघाने २१ सप्टेंबर २०१७ नंतर ते खास परवानगीशिवाय वापरायला बंदी घातली आणि कारखाने तीन संयुजेच्या, कमी घातक क्रोमिअमकडे वळत आहेत. ग्रिलवर बसलेला धातू तसा विषारी नाही, पण त्याची आणि निकेलची पूड छातीत जाऊ नये. कागद ओला ठेवूनच घासायला सांगा.

दुसरी गोष्ट पेंटरची. हार्डनर घातलेल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते श्वासात जातं आणि त्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. ग्रिल सोपवताना रंगाची छटा ठरवाल, भाव ठरवाल, तेव्हा हेही विचारा: मास्क आहे का? नसेल तर हार्डनरचं क्लिअर नको म्हणा, आणि साध्या लॅकरवर भागवा. ते लवकर मंद पडेल, दोन-तीन वर्षांनी परत मारावं लागेल. तेवढं चालेल.